अवयवदानाची नोंदणी: आधी घरात, मग फॉर्मवर

अवयवदानाचा ऑनलाइन फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच बहुतेक जण तो घाईत भरतात, मोबाईलवर आलेलं प्रमाणपत्र स्टेटसला ठेवतात आणि काम झालं असं धरून चालतात. पुढे खरोखर वेळ येते तेव्हा घरच्यांना त्या प्रमाणपत्राचा पत्ताही नसतो. डॉक्टर विचारतात, घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, कुणीतरी थोरलं माणूस "आता आणखी काही नको" म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो.

असं होतं, कारण नोंदणी ही फक्त तुमच्या इच्छेची नोंद आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात साक्षीदारांसमोर लिहून दिलेल्या इच्छेला स्थान आहे. पण प्रत्यक्षात रुग्णालय जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जात नाही. तुमच्या सहीनंतर घरच्यांची सही लागते, आणि ती करायला तुम्ही नसता. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फॉर्म चौथ्या टप्प्यावर आहे, तो तिथेच राहू द्या.

१. कशाचं दान कधी होतं, ते आधी समजून घ्या

फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींवर खूण केली म्हणजे सगळं दान होईल, असं नाही. मृत्यू कुठे आणि कसा होतो, त्यावर ते ठरतं.

घरी किंवा रुग्णालयात हृदय बंद पडून नेहमीसारखा मृत्यू झाला, तर मुख्यतः डोळे आणि त्वचा देता येते. दोन्हींसाठी साधारण सहा तासांची मुदत असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत हीच शक्यता जास्त आहे.

मूत्रपिंडं, यकृत, हृदय, फुप्फुसं, स्वादुपिंड हे अवयव मात्र अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत (मेंदूचं काम कायमचं थांबलंय असं) घोषित झालेल्या रुग्णाकडूनच सहसा मिळतात. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव, मोठा पक्षाघात अशा वेळी ही स्थिती येते. हृदय चालू असल्यामुळे या अवयवांना रक्तपुरवठा होत असतो. घरी मृत्यू झाल्यावर "मूत्रपिंडं घ्यायला कुणीतरी या" असे फोन लोक करतात. भावना खरी असते, पण तोवर ते शक्य राहिलेलं नसतं.

देहदान हा तिसरा प्रकार. त्याचा कायदा, फॉर्म आणि जागा सगळंच वेगळं आहे, त्याबद्दल सातव्या टप्प्यात पाहू. जिवंतपणी नातेवाइकाला मूत्रपिंड देण्याचाही या नोंदणीशी काही संबंध नाही.

*चुकू नका:* "मला मधुमेह आहे, बीपी आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, माझं काय घेणार?" असं म्हणून स्वतःच स्वतःला वगळू नका. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह असला तरी नेत्रदान होतं. कोणता अवयव वापरण्याजोगा आहे हे डॉक्टर त्या वेळच्या तपासण्यांवरून ठरवतात. नोंदणीसाठी वय अठरा पूर्ण असलं की पुरे, वरची वयोमर्यादा नाही.

२. घरात बोला, आणि योग्य माणसांशी बोला

कायद्याने "जवळचे नातेवाईक" कोण हे ठरवून दिलंय: नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, वहिनी, मेहुणे, काका, मामा, चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत.

कागदावर सही यादीतल्या माणसाची लागते. पण आपल्या घरांत असे निर्णय एकट्याने होत नाहीत. बायको कोपऱ्यात रडत असते आणि डॉक्टरांशी थोरले काका किंवा मामा बोलत असतात. म्हणून सही करणाऱ्याला सांगा आणि ज्याचा शब्द घरात चालतो त्यालाही सांगा. दुसऱ्याला सांगायचं राहून जातं, आणि नकार बहुतेकदा तिथूनच येतो.

कसं बोलायचं? जेवणं आटोपल्यावर, घरात कुणी आजारी नसताना, सरळ.

"आई, मी अवयवदानाची नोंदणी करतोय. उद्या काही झालं तर सही तुला किंवा दादाला करावी लागेल."

"असलं अभद्र काय बोलतोस रे?"

"अभद्र नाही गं. माझी इच्छा तुला ठाऊक असली, तर तेव्हा तुला विचार करत बसावं लागणार नाही."

पहिल्या वेळी विषय उडवून लावला जाईल. लावू दे. पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. वाद जिंकायचा नाहीये, तुमची इच्छा त्यांच्या कानावर ठाम शब्दांत पडली पाहिजे. पुढचे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं तयार ठेवा:

- *शरीर विद्रूप होतं का?* नाही. शस्त्रक्रियागृहात अवयव काढून नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखे टाके घातले जातात. अंत्यदर्शन, अंघोळ, विधी सगळं करता येतं.
- *अवयव मिळावेत म्हणून डॉक्टर उपचार सोडून देतील का?* मेंदूमृत घोषित करणारे डॉक्टर प्रत्यारोपणाच्या पथकात नसतात, तशी कायद्याचीच अट आहे.
- *खर्च कुणाचा?* दानाच्या प्रक्रियेचा खर्च दात्याच्या घरावर पडत नाही. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र वेगळं, ते माफ होईल असं गृहीत धरू नका.
- *पैसे मिळतात का?* नाही. अवयवांच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे.
- *अवयव कुणाला मिळाला ते कळेल का?* नाव सांगितलं जात नाही.
- *अंत्यविधीला उशीर होतो का?* अवयवदानात होतो. संमतीपासून पार्थिव हाती येईपर्यंत बरेच तास, कधी जवळजवळ पूर्ण दिवस जातो. हे आधीच सांगून ठेवा. नेत्रदानाला मात्र अर्ध्या तासाच्या आतच वेळ लागतो.

*पुढे जाण्याआधी तपासा:* यादीतल्या किमान दोन नातेवाइकांना तुमची इच्छा स्पष्ट माहीत आहे का? नसेल, तर इथेच थांबा.

३. तयारी

ऑनलाइन नोंदणी आधार क्रमांकावर किंवा आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या) क्रमांकावर होते आणि ओटीपी जोडलेल्या मोबाईलवर येतो. अडचण नेमकी इथे येते. आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी भलत्याच सिमवर जातो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नवा जोडून घ्या.

हाताशी ठेवा:

- आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाईल
- रक्तगट, रिपोर्टवर छापलेला. "बहुतेक बी पॉझिटिव्ह" असं आठवून लिहू नका
- संपर्काच्या माणसाचं नाव, नातं आणि चालू नंबर
- कागदी फॉर्म भरणार असाल तर दोन साक्षीदार

संपर्कासाठी शक्यतो त्याच गावात राहणारा माणूस द्या. मुलगा परदेशात आणि त्याचाच एकट्याचा नंबर दिलेला, असं फार दिसतं. तिथे मध्यरात्र असेल तर फोन उचलला जाणार नाही.

४. ऑनलाइन नोंदणी

देशाची मध्यवर्ती संस्था म्हणजे राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, थोडक्यात नोट्टो. तिचं नोंदणीचं संकेतस्थळ २०२३ पासून notto.abdm.gov.in या पत्त्यावर आहे. टोल फ्री क्रमांक १८००-११-४७७०.

१. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या लिंकवरून जाऊ नका.

२. संकल्पाचा (प्लेज) पर्याय निवडा, आधार किंवा आभा क्रमांक टाका, ओटीपी भरा.

३. नाव, जन्मतारीख वगैरे तपशील आधारवरून आले असतील तर ते वाचून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या आधारवर बऱ्याचदा माहेरचंच नाव असतं. नोंदणी त्या नावाने झाली तर घरच्यांना तसं सांगून ठेवा.

४. रक्तगट, पत्ता आणि संपर्काचा माणूस भरा.

५. अवयव आणि ऊती (डोळे, त्वचा वगैरे) निवडा. सगळे देता येतात किंवा हवे तेवढेच. एखाद्याला फक्त डोळे द्यायचे असतील, तर तेवढीच खूण करावी. मनात किंतू ठेवून सगळ्यांवर खूण करण्यापेक्षा हे बरं. घरच्यांनाही ते नेमकं सांगता येतं.

६. फॉर्म दाखल करा आणि प्रमाणपत्र लगेच डाउनलोड करून घ्या.

*सावधान:* नोंदणी पूर्ण मोफत आहे, कुठलंही शुल्क नाही. शिबिरात कुणी तुमचा आधार क्रमांक वहीत लिहून घेऊन "ओटीपी आला की सांगा" म्हणत असेल, तर तसं करू नका. तुमच्या मोबाईलवर, तुमच्याच हाताने भरा.

५. कागदावर नोंदणी: नमुना ७

आधारला मोबाईल जोडलेला नाही, स्मार्टफोन जमत नाही, किंवा सही-साक्षीचा कागदच जास्त भरवशाचा वाटतो, अशांसाठी हा रस्ता. घरातल्या ज्येष्ठांसाठी मी हाच सुचवतो. टेबलाभोवती बसून सही होते, त्या निमित्ताने चर्चाही होते, आणि साक्षीदार म्हणून सही केलेला मुलगा पुढे "मला माहीत नव्हतं" म्हणू शकत नाही.

२०१४ च्या नियमांतला नमुना ७ हा संकल्पाचा फॉर्म. तो प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या मोठ्या रुग्णालयांत प्रत्यारोपण समन्वयकाकडे (तिथे अवयवदानाचं काम बघणाऱ्या माणसाकडे) मिळतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे, तसंच परळच्या केईएम रुग्णालयातल्या रोट्टो-सोट्टो (नोट्टोच्या विभागीय आणि राज्य पातळीवरच्या संघटना) कार्यालयाकडे चौकशी करता येते. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

भरताना तीन गोष्टी चुकतात:

*साक्षीदार.* दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक हवा. सोसायटीतल्या दोन मित्रांच्या सह्या घेतल्या तर फॉर्म अपुरा राहतो. सून किंवा जावई एक साक्षीदार म्हणून चालेल, पण दुसरी सही मुलाची, मुलीची, भावंडाची अशी यादीतलीच हवी.

*प्रती.* एक प्रत समन्वय करणाऱ्या संस्थेकडे, एक जिथे संकल्प केला त्या रुग्णालयाकडे आणि एक तुमच्याकडे. तुमची प्रत मागून घ्या, "नंतर पाठवतो" वर सोडू नका.

*फॉर्म घरातच राहणं.* भरलेला, सह्या झालेला फॉर्म कपाटात तसाच पडून असतो. तो जमा झाला नाही तर नोंदणी झालीच नाही.

६. कागद कुठे ठेवायचा

मृत्युपत्रात लिहून ठेवणं ही फार सुशिक्षित चूक आहे. मृत्युपत्र तेराव्यानंतर कधीतरी उघडलं जातं, आणि इथे मुदत तासांत मोजायची असते. बँकेचा लॉकर, कुलूपबंद कपाट, पासवर्ड घातलेलं फोल्डर यांचंही तेच.

नोंदणीच्या कार्डाची किंवा प्रमाणपत्राची एक प्रत पाकिटात, एक आरोग्य विम्याच्या फाइलमध्ये, कारण रुग्णालयात धावताना घरचे तीच फाइल उचलतात. प्रमाणपत्राचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवा. फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणाऱ्या वैद्यकीय माहितीतही लिहा.

वाहन परवान्याच्या अर्जात अवयवदानाची तयारी विचारतात आणि "हो" म्हटलं तर परवान्यावर तसं छापून येतं. चांगलंच आहे, पण त्याला नोंदणी समजू नका.

७. नेत्रदान, त्वचादान आणि देहदान

जवळच्या नेत्रपेढीचा आणि असल्यास त्वचापेढीचा नंबर आजच शोधून ठेवा. पेढी किती अंतरापर्यंत पथक पाठवते हेही विचारा. त्वचापेढ्या मोजक्या शहरांत आहेत. मुंबईत सायन रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहेत. गाव लांब असेल तर नेत्रदानावर भर द्या. त्वचेचा अगदी पातळ थर मांड्या, पाय, पाठ अशा झाकल्या जाणाऱ्या भागांवरून घेतात.

देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात वेगळा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म देताना सुट्टीच्या दिवशी आणि रात्री कुणाला फोन करायचा आणि गाडी कोण पाठवणार, हे विचारून लिहून घ्या. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह सहसा स्वीकारत नाहीत.

*चुकू नका:* अवयवदान झाल्यावर तोच देह देहदानात बहुधा घेतला जात नाही. नेत्रदान आणि देहदान मात्र एकत्र होऊ शकतं. घरच्यांना क्रम सांगून ठेवा: मेंदूमृत झालो तर अवयवदान, नाहीतर नेत्रदान आणि देहदान. हा एक खुलासा नसल्यामुळे ऐन वेळी गोंधळ होतो.

८. घरच्यांसाठी एक पान

हे वेगळ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावा किंवा औषधांच्या डब्यात ठेवा. तेव्हा कुणाचं डोकं चालत नसतं.

*मृत्यू घरी झाला तर:*

१. डॉक्टरांना बोलावून मृत्यूचा दाखला घ्या.

२. लगेच नेत्रपेढीला फोन करा. नातेवाइकांना कळवायच्या आधी हा फोन.

३. पापण्या मिटवा, त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवा.

४. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं वर ठेवा.

५. पंखा बंद करा, एसी असेल तर लावा. पंख्याने बुबुळ सुकतं, आणि आपल्याकडे पंखा तर पहिल्यांदा लावतात.

६. पथक आल्यावर संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाने सही करावी.

नोंदणी केलेली नसली तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होऊ शकतं. प्रमाणपत्र सापडत नाही म्हणून थांबू नका.

*रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर असताना:*

इथे सगळ्यात अवघड गोष्ट डोळ्यांसमोर असते. छाती वर-खाली होत असते, अंग गरम असतं, मॉनिटरवर ठोके दिसतात आणि डॉक्टर म्हणतात, मेंदू मृत झालाय. घरच्यांना ते पटत नाही, आणि का पटावं? म्हणून ही तपासणी कशी होते हे आधी माहीत असलेलं बरं. बाहुल्यांवर प्रकाश टाकून त्या आकसतात का बघतात. बुबुळाला कापसाचा तंतू लावून पापणी हलते का बघतात. कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का, घशात नळी घालून ठसका येतो का, हे तपासतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात आणि रुग्ण स्वतःहून एक तरी श्वास घेतो का ते पाहतात. चार डॉक्टरांचं मंडळ हे सगळं करतं, आणि प्रौढांमध्ये किमान सहा तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतं. त्यानंतर नमुना १० वर सह्या होतात. कोमातला रुग्ण शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही.

घरच्यांनी काय करायचं:

१. पहिल्या तपासणीनंतरच प्रत्यारोपण समन्वयकाला भेटायला मागा. कुणी विचारण्याची वाट बघू नका. "त्यांची नोंदणी आहे, कार्ड आणलंय" एवढं सांगितलं तरी पुरे.

२. समजलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. तपासणीचे निष्कर्ष समजावून मागणं हा तुमचा हक्क आहे.

३. दुसऱ्या तपासणीनंतर नमुना ८ वर संमती. कोणते अवयव द्यायचे ते त्यातच लिहिलं जातं. रुग्ण अल्पवयीन असेल तर नमुना ९ वर आई किंवा वडिलांची सही लागते.

४. अपघाताची, म्हणजे पोलीस केस असली तरी अवयवदान होऊ शकतं. पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन यांचा मेळ रुग्णालय आणि समन्वयक घालतात. "पोलीस केस आहे, आता काही होणार नाही" हे ऐकून मागे फिरू नका.

५. रुग्णालयात प्रत्यारोपण होत नसेल तरी विचारा. काही रुग्णालयांना फक्त अवयव काढण्याची मान्यता असते. नसेल, तर विभागीय समन्वय केंद्राला फोन करून पुढचा मार्ग समजून घ्या.

९. बदल, माघार आणि दुसऱ्या देशात राहणारे

मन बदललं तर संकल्प मागे घेता येतो, त्याचं कारण द्यावं लागत नाही. ऑनलाइन केलेला ऑनलाइन मागे घ्या, कागदावर केलेला जिथे जमा केला तिथे लेखी कळवा. घरच्यांना सांगा आणि पाकिटातलं कार्ड काढून टाका, नाहीतर घरचे त्याच्यावरच विसंबून सही करतील.

मोबाईल बदलला, घर बदललं, संपर्काचा माणूस वारला किंवा परदेशी गेला, तर नोंद दुरुस्त करा. दरवर्षी आरोग्य विम्याचं नूतनीकरण करताना हे बघायची सवय लावली तर सुटत नाही.

भारतातली नोंदणी परदेशात चालत नाही. अमेरिकेत ती राज्याच्या नोंदवहीत होते, बरेच जण वाहन परवाना काढतानाच करतात. इंग्लंडमध्ये मे २०२० पासून प्रौढ व्यक्तीने नकार नोंदवला नसेल तर तिची संमती धरली जाते, तरीही तिथले कर्मचारी घरच्यांशी बोलतातच. तुम्ही तिकडे आणि आई-वडील इकडे असतील, तर तुमच्या जोडीदाराला आणि आई-वडिलांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेऊन सांगा. दोघांनी वेगवेगळं ऐकलेलं असलं की निर्णय अडतो.